पाठीवर वाढणारे घर
जपानच्या बेटांजवळील उथळ समुद्रात सापडलेल्या एका नव्या खेकड्याची हकीकत

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. वारंवार बदली होणाऱ्या नोकरदारापासून हंगामाच्या मागे फिरणाऱ्या ऊसतोड कामगारापर्यंत अनेकांना ती लागू पडते. वस्तुतः विंचवाच्या पाठीवर घर नसते. असतात ती त्याची पिले. खरोखरीचे घर पाठीवर घेऊन हिंडणारा प्राणी पाहावयाचा असेल, तर ओहोटीच्या वेळी कोकणातील एखाद्या खडपाजवळ जावे. पाणी ओसरल्यावर खडकातील डबक्यांतून लहान लहान शंख पडलेले दिसतात. त्यांपैकी एखादा शंख अचानक चालू लागतो. उचलून पाहिला, तर तोंडाशी दोन नांग्या आवळून आत दडलेला एक खेकडा दिसतो. हा शंख त्याचा स्वतःचा नव्हे. तो बांधणारी गोगलगाय केव्हाच मरून गेलेली असते आणि रिकाम्या वास्तूत या खेकड्याने बिऱ्हाड केलेले असते. एकट्याने आपल्या गुहेत राहतो म्हणून प्राणिशास्त्रज्ञांनी त्याला संन्यासी खेकडा म्हटले आहे.

जगात संन्यासी खेकड्यांच्या अकराशेहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत सन २०१७ मध्ये एका अतिशय विलक्षण जातीची भर पडली. जपानच्या दक्षिणेकडील आमामी बेटांलगतच्या उथळ समुद्रात ती आढळली. हा खेकडा आकाराने लहान. त्याचा बाजारात काही भाव नाही आणि त्याच्यापासून औषधही निघत नाही. असे असता जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. ती का घेतली, अशा क्षुद्र जीवाला नाव देण्याचे काम कसे चालते आणि त्या कामाशी आपल्या शाळांचा व ग्रामपंचायतींचा संबंध कोठे येतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

घराची अडचण

नवा खेकडा समजून घेण्यासाठी आधी त्याच्या भाऊबंदांची अडचण समजून घेतली पाहिजे. साध्या खेकड्याचे, म्हणजे आपल्या कुर्लीचे किंवा चिंबोरीचे, सर्वांग कठीण कवचाने मढलेले असते. पोट पातळ होऊन शरीराखाली दुमडलेले असल्यामुळे शत्रूच्या हाती मऊ भाग सहसा लागत नाही. संन्यासी खेकड्याचा पुढचा भाग असाच कठीण असतो. परंतु त्याचे पोट लांबट, मऊ आणि उघडे असते. हे पोट झाकण्यासाठी त्याला रिकाम्या शंखाचा आश्रय घ्यावा लागतो.

या आश्रयासाठी त्याची शरीररचनाही बदललेली आहे. बहुतेक शंख उजवीकडे वळणारे असतात. त्यामुळे या खेकड्यांचे पोटही उजवीकडे पिळलेले असते. पायांच्या शेवटच्या दोन जोड्या आखूड झालेल्या असून त्यांचा उपयोग चालण्यापेक्षा शंखाला आतून धरून ठेवण्यासाठी होतो. शेपटीच्या टोकाची आकड्यासारखी अंगे शंखाच्या मधल्या खांबाला पकडून ठेवतात. म्हणूनच अशा खेकड्याला ओढून बाहेर काढू गेल्यास तो तुटेल, पण घर सोडणार नाही.

तथापि या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे. खेकडा वाढतो; शंख वाढत नाही. कात टाकून अंग मोठे झाले की जुने घर अपुरे पडू लागते आणि अधिक मोठ्या घराचा शोध सुरू होतो. शासकीय सेवेतील ज्या वाचकांनी कुटुंब वाढल्यावर मोठ्या निवासस्थानासाठी प्रतीक्षायादीत वर्षे काढली असतील, त्यांना या खेकड्याची विवंचना सांगावयास नको. चांगले शंख मोजके असतात आणि गरजू अनेक. मोठा शंख रिकामा सापडला, तर एक खेकडा त्यात शिरतो. त्याचे जुने घर दुसरा घेतो, दुसऱ्याचे तिसरा, असे बदल्यांचे सत्रच सुरू होते. कधी हाणामारी होऊन दुबळ्याला घराबाहेर काढले जाते. घर बदलण्याच्या त्या क्षणी पोट उघडे असते आणि टपून बसलेला मासा तेवढ्यात डाव साधू शकतो. घराची ही निकड संन्यासी खेकड्याच्या साऱ्या आयुष्याला व्यापून असते. आमामीच्या खेकड्याने ती ज्या रीतीने सोडविली, ती रीत या वर्गात पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

आमामीच्या सामुद्रधुनीत

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी क्यूशू हे दक्षिणेकडील बेट. त्याच्या आणखी दक्षिणेस ओकिनावाच्या दिशेने लहानमोठ्या बेटांची एक रांग गेलेली आहे. आमामी बेटे याच रांगेत असून कागोशिमा या प्रांतात ती मोडतात. कुरोशिओ या उष्ण सागरी प्रवाहाच्या सान्निध्यामुळे येथील समुद्र उबदार राहतो. आमामी-ओशिमा हे त्यांतील सर्वांत मोठे बेट. त्याच्या दक्षिणेस काकेरोमा नावाचे दुसरे बेट असून दोहोंच्या मध्ये ओशिमा सामुद्रधुनी आहे. आमामी-ओशिमा व शेजारच्या बेटांवरील अरण्यांचा २०२१ मध्ये जागतिक नैसर्गिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. प्रस्तुत हकीकत मात्र तेथील अरण्यातील नाही. ती पाण्याखालच्या मऊ वाळूतील आहे.

समुद्रतळावरील वाळू व गाळ म्हणजे ओसाड प्रदेश, असा सर्वसाधारण समज असतो. प्रवाळाचे खडक, त्यांतील रंगीबेरंगी मासे यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. वाळूकडे कोणी पाहत नाही. क्योटो विद्यापीठातील मोमोको इगावा व माकोतो काटो या दोन अभ्यासकांनी तेथील तळावरच्या बटणाएवढ्या लहान प्रवाळांचा अभ्यास केला. या प्रवाळांच्या पोकळीत नेहमी एक विशिष्ट कृमी राहतो, हे शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत होते. काही प्रवाळांत मात्र कृमीऐवजी खेकडा निघाला. हा खेकडा कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञानविषयक नियतकालिकात त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले आणि 'डायोजेनिस हेटेरोप्सॅमिकोला' या नावाने त्याची शास्त्रात नोंद झाली.

चालणारे प्रवाळ

प्रवाळ चालतात, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. प्रवाळ म्हणजे पोवळे. प्रवाळ हे लहान सजीव प्राणी असून स्वतःभोवती चुनखडीचा सांगाडा रचतात. बहुतेक दगडी प्रवाळ वसाहती करून खडकाला चिकटून राहतात. परंतु 'हेटेरोप्सॅमिया' व 'हेटेरोसायथस' या दोन वंशांतील प्रवाळ सुटे असतात आणि मऊ तळावर राहतात.

मऊ तळावर राहणे हे प्रवाळाला सोपे नाही. लाटा, प्रवाह आणि वाळूत खणणारे इतर प्राणी यांमुळे गाळ सतत हलत असतो. जागचे हलता न येणारा बटणाएवढा जीव त्याखाली केव्हा गाडला जाईल याचा नेम नसतो, आणि गाडला गेला की तो मेलाच. म्हणून या प्रवाळांनी वाहक मिळविला आहे. त्याचे वैज्ञानिक नाव 'ॲस्पिडोसायफन'. हा कृमी ज्या गटातील आहे, त्या गटातील प्राणी अंग आखडून घेतल्यावर भुईमुगाच्या दाण्यासारखे दिसतात. म्हणून त्यांस शेंगदाणा-कृमी असेही म्हणतात.

ही भागीदारी अशी सुरू होते. लहानसा कृमी एखाद्या इवल्याशा रिकाम्या शंखात राहत असतो. प्रवाळाचे पोहणारे पिलू त्या शंखावर येऊन बसते व तेथेच वाढू लागते. हळूहळू प्रवाळाचा सांगाडा साऱ्या शंखाला वेढून टाकतो आणि मूळचा शंख आत गडप होतो. कृमी मात्र कोंडला जात नाही. त्याच्याभोवती प्रवाळ वाढत जातो, तशी त्याची वळणदार पोकळीही वाढत जाते आणि तळाशी बाहेर पडावयास वाट राहते. त्या वाटेने तो आपले सोंडेसारखे अंग बाहेर काढतो, वाळूत रोवतो आणि आखडून घेत घर पुढे ओढतो. प्रवाळ उलटा पडला तर सरळ करतो आणि गाळात बुडू लागला तर वर काढतो. एकाला दगडी तटबंदी मिळते, दुसऱ्याला पाय मिळतात. शास्त्रात याला सहजीवन म्हणतात. दोघांचेही जीवन परस्परांवर इतके अवलंबून असते की, अशा जोडीतील एक भागीदार जाऊन त्याच्या जागी भलताच दुसरा येणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट समजली जाते.

वाहक बदलला

आमामीच्या समुद्रात नेमके हेच घडलेले दिसले. कृमीची जागा खेकड्याने घेतली होती. कृमी व खेकडा यांच्यात कसलेही जवळचे नाते नाही. एकाच्या अंगात हाड नाही की कवच नाही. दुसऱ्याला सांध्यांचे पाय, नांग्या आणि दांडीवरचे डोळे. बैलगाडीचा बैल सोडून त्या जागी यंत्र जुंपावे आणि गाडी पूर्वीसारखीच चालावी, तसा हा प्रकार होता.

हा खेकडा चुकून तेथे शिरलेला पाहुणा नव्हे, हे त्याच्या शरीरावरूनच स्पष्ट झाले. त्याच्या नांग्या व चालण्याचे पाय आपल्या वंशातील इतर जातींच्या मानाने अत्यंत सडपातळ आहेत. प्रवाळाची पोकळी अरुंद असते. तिच्यात ये-जा करावयाची तर जाडजूड नांग्या उपयोगाच्या नाहीत. दुसरी खूण अधिक सूचक आहे. शंखात राहणाऱ्या संन्यासी खेकड्यांच्या शेपटीचे टोक दोन्ही बाजूंस सारखे नसते, कारण त्यांना एकाच दिशेने वळलेल्या घरात बसावयाचे असते. या नव्या खेकड्याच्या शेपटीचे टोक मात्र दोन्ही बाजूंस सारखे आहे. प्रवाळाच्या पोकळीचे वळण कोणत्याही बाजूस असले, तरी त्याला आत बसता येते. याचा अर्थ असा की, हे त्याचे तात्पुरते बिऱ्हाड नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे वास्तव्य आहे. शिवाय ही जाती केवळ याच प्रवाळांच्या पोकळीत राहते, असे अभ्यासकांना आढळून आले.

पाळलेल्या टाकीत या जोडीचे निरीक्षण करण्यात आले, तेव्हा कृमी जे काम करतो तेच काम खेकडाही करतो, हे दिसून आले. तो प्रवाळ घेऊन हिंडतो व त्यास गाळात गाडला जाऊ देत नाही. मोबदला म्हणून त्याला संरक्षण मिळते. प्रवाळाच्या मऊ अंगावर दंश करणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. शत्रूला दूर ठेवण्यास त्या उपयोगी पडतात. परंतु खरा लाभ याहून मोठा आहे. शंख हे मेलेल्या प्राण्याचे कवच. ते वाढत नाही. प्रवाळ जिवंत आहे, तो वाढतो. खेकडा मोठा होतो तसे घरही मोठे होते. घर बदलण्याची यातायात नाही, शेजाऱ्याशी तंटा नाही आणि उघड्या पोटाने धोक्यातून जाणे नाही. एकट्या राहणाऱ्या जिवंत प्रवाळाला घर करून त्याच्याबरोबर वाढणारा संन्यासी खेकडा यापूर्वी शास्त्राला माहीत नव्हता. या जातीचे वेगळेपण ते हेच.

नाव कसे ठरते

नवा प्राणी सापडला, असे म्हणणे सोपे आहे; ते सिद्ध करणे कष्टाचे आहे. जमिनीची नोंद करताना चतुःसीमा लिहाव्या लागतात, मोजणी व्हावी लागते आणि नोंदवहीत फेरफार मंजूर व्हावा लागतो. जातीच्या नोंदीचीही अशीच रीत असून तिचे नियम साऱ्या जगासाठी एक आहेत. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांच्या ग्रंथाची १७५८ मधील दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा प्रारंभ मानली जाते. तेव्हापासून प्रत्येक जातीला दोन शब्दांचे नाव देतात. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. माणसाच्या नावात आडनाव शेवटी येते. येथे ते आधी येते, इतकाच फरक.

प्रथम अभ्यासकाला त्या वंशातील आधी नोंदलेल्या जातींची वर्णने वाचावी लागतात व आपला प्राणी कोणत्याही जातीत बसत नाही, हे अवयवागणिक दाखवावे लागते. डायोजेनिस वंशात साठाहून अधिक जाती आहेत. डावी नांगी उजवीपेक्षा मोठी असणे आणि डोळ्यांच्या दांड्यांच्या बुडाशी मध्यभागी एक लहान हलता काटा असणे, या त्या वंशाच्या खुणा होत. त्या जुळल्यावर वंश निश्चित होतो. पुढे नांग्यांची जाडी, पायांची लांबी, शेपटीचे टोक, अंगावरील काटे आणि केस यांची मोजमापे घेऊन व चित्रे काढून वेगळेपण सिद्ध केले जाते.

त्यानंतर एक नमुना निवडून तो त्या नावाचा प्रमाण नमुना म्हणून घोषित करावा लागतो. वजनमापे खात्यात प्रमाण वजन ठेवलेले असते आणि व्यापाऱ्याचे वजन खरे की खोटे हे त्याच्याशी ताडून ठरविले जाते, तसेच हे आहे. शंभर वर्षांनी एखाद्याला शंका आली, तरी त्याने त्या नमुन्याशी ताडून पाहावे, अशी योजना असते. म्हणून तो खासगी कपाटात न ठेवता, अभ्यासकांना पाहता येईल अशा संग्रहात ठेवावा, असा संकेत आहे. वर्णन रीतसर प्रसिद्ध झाले म्हणजे नाव कायम होते आणि ते देणाऱ्यांची आडनावे व वर्ष त्यापुढे लिहिले जाते. 'इगावा व काटो, २०१७' ही अक्षरे या खेकड्याच्या नावापुढे यापुढे कायम राहतील.

नावातही अर्थ भरलेला आहे. डायोजेनिस हा प्राचीन ग्रीसमधील एक विरक्त तत्त्वज्ञ. घरादाराचा त्याग करून तो एका मोठ्या रांजणात राहत असे, अशी आख्यायिका आहे. सम्राट सिकंदराने काय हवे असे विचारले असता, माझ्या अंगावरचे ऊन अडवू नकोस, एवढेच त्याने मागितले, असेही सांगतात. रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांना त्याचे नाव देणाऱ्याची कल्पकता वाखाणण्याजोगी आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'हेटेरोप्सॅमिया प्रवाळात राहणारा' असा होतो. दोन शब्दांत नाव, गाव आणि पत्ता सर्व काही आले.

आपल्याकडील नोंदी

या कामाची परंपरा आपल्या देशातही जुनी आहे. 'इन्व्हेस्टिगेटर' या सागरी पाहणी जहाजावर १८८८ पासून चार वर्षे काम केलेले आल्फ्रेड अल्कॉक हे शल्यवैद्य पुढे कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयाचे प्रमुख झाले. भारतीय समुद्रातील संन्यासी खेकड्यांची त्यांनी तयार केलेली सूची १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही अभ्यासकांना ती चाळावी लागते. १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली व देशातील प्राण्यांची पद्धतशीर नोंद करण्याचे कार्य तिच्याकडे आले.

आपल्या किनाऱ्याजवळही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मालवणच्या परिसरास १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेस, समुद्राच्या पोटात आंग्रिया बँक नावाचे प्रवाळयुक्त पठार आहे. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. परंतु संरक्षण देण्यासाठी आधी नाव लागते. ज्याची नोंद नाही, त्याची गणती होत नाही. ज्याची गणती नाही, ते कमी झाले तरी कोणाच्या ध्यानी येत नाही.

गणतीने काय साधते, याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. हिंदी महासागरातील कोकोस बेटे आणि प्रशांत महासागरातील हेंडरसन बेट येथे पुळणीवर साचलेल्या प्लास्टिकची पाहणी ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी केली. रिकाम्या बाटल्या व डबे यांत अडकून मेलेल्या जमिनीवरील संन्यासी खेकड्यांची संख्या त्यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे पाच लाख सत्तर हजार भरली. २०१९ च्या अखेरीस हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कारण मन विषण्ण करणारे आहे. तिरक्या बाटलीत शिरलेल्या खेकड्याला गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येता येत नाही. तो मेला की त्याचा वास सुटतो. हा वास इतर खेकड्यांना एक शंख रिकामा झाल्याची वार्ता देतो आणि घराच्या आशेने एकामागून एक खेकडे त्याच बाटलीत शिरतात. जी उपजत बुद्धी त्यांना घर मिळवून देते, तीच अशा रीतीने त्यांचा घात करते. पर्यटनासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या किनारी गावांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा. पुळणीवरून पोत्यांनी शंख गोळा करून विकणे म्हणजे कोणाची तरी घरे उचलून नेणे होय, हेही त्याबरोबर ध्यानात घ्यावे.

ग्रामपंचायत आणि शाळा

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्यांचे महत्त्वाचे काम आहे. राज्यात या कामाचे मार्गदर्शन नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ करते. कोणासही नवी जाती आढळल्यास त्याची माहिती शासनाने नियुक्त केलेल्या संस्थेस कळवावी व नमुना तेथे जमा करावा, अशीही तरतूद याच कायद्यात आहे. सागरी जीवांसाठी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही अशी एक संस्था होय.

नोंदवहीचे काम अनेकदा तक्ते भरण्यापुरते उरते, हे मान्य केले पाहिजे. 'खेकडे - आढळतात' एवढ्या नोंदीने फारसे साधत नाही. रापण ओढणाऱ्या, खडपावर कालवे काढणाऱ्या आणि ओहोटीच्या वेळी तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रीपुरुषांना किनाऱ्यावरील जीवांची जी माहिती असते, ती अन्यत्र लिहिलेली नसते. कोणता खेकडा कोणत्या शंखात, कोणत्या ऋतूत दिसतो. पूर्वी दिसणारे काय आता दिसत नाही. त्याला गावात काय म्हणतात, या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकून तारीख व जागेसह लिहून ठेवल्या, तर ती नोंदवही गावचा खरा दस्तऐवज ठरेल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर न्यावे, डबक्यातील शंख कोणत्या दिशेने चालला हे वहीत लिहावयास सांगावे आणि पाहून झाल्यावर तो जेथे होता तेथेच ठेवावयास शिकवावे. यासाठी उपकरण लागत नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि थोडा धीर पुरेसा आहे.

आमामीचा खेकडा ओशिमा सामुद्रधुनीच्या तळाशी किती काळापासून आपले घर वाहत होता, कोण जाणे. तो त्या दिवशी जन्माला आला नव्हता; त्या दिवशी तो फक्त नोंदला गेला. प्रवाळाच्या पोकळीत कृमीच असणार, असे गृहीत धरून पुढे न जाता कोणीतरी आत डोकावून पाहिले, म्हणून हे घडले. ओळखीच्या वस्तूकडे पुन्हा एकदा पाहण्याची ही सवय शास्त्रज्ञाला जितकी आवश्यक, तितकीच गावचा कारभार पाहणाऱ्यालाही आहे. आपल्या गावच्या पुळणीवर, खडपावर किंवा खाडीच्या गाळात असे काय काय अद्याप नोंदीविना राहिले असेल, हा प्रश्न प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने आपल्या पुढील सभेत स्वतःस विचारावा आणि त्याचे उत्तर नोंदवहीत लिहावयास आरंभ करावा.